चौदा पणत्या

काटोल, ६ जानेवारी २०२५

वैदेही पोरी,

आशीर्वाद तं तुले जलमापासून हायेत, ते परत काय लिहायचे. आधी डबा उघड. वरतं संत्रे हायेत, खालतं जवसाची चटनी. आपला सुशील नागपूरच्या गाडीवर कंडक्टर हाये तोवर मले पोस्टाची गरज नाही. डबा आडवा नको करजो म्हनून दोनदा सांगतलं त्याले, तरी झाकन पाहून घेजो.

तू म्हनशील, मावशी फोन काहून करत नाही. फोन कानाशी नेला का माही कानातली मशीन शिट्टी मारते. आन मोबाईलवर लिहाले बसली तं तो मले न इचारता माहे शब्द बदलते. त्यापेक्षा पेन बरा, तो मुकाट्यानं चालते.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीनंतर मनीषनगरले आली होती, तेव्हा तू भाकर ताटात ठेवून कॉम्प्युटर पाहून राहिली होती. वरतं लाल-हिरवे खांब आन खाली एकटीच रेघ. मी इचारलं तं म्हनली, "मावशी, हा आरएसआय. याच्यातून बाजारात किती दम आहे ते समजतं." तेवढ्यात तुही आफिसची मैत्रीन आली आन गोष्ट तिथंच राहिली. पन माह्या डोक्यातून जाईना. दम मानसात असते, बैलात असते. बाजारात कुठून आला? आन त्याले मोजते तरी कसं? सांग बापा, मले चैन नाही.

इकडं सगळं ठीक. संत्र्याचा व्यापारी ओमप्रकाश सेठ दोनदा येऊन गेला. आपल्या बगिच्यातला मृग बहाराचा माल झाडावरच मागून राहिला. तुह्या मावसाजीच्या आन त्याच्या गोष्टी ओट्यावर होतात, मी चहा देऊन वापस येते. पस्तीस वर्सं झाले, कोनत्या साली बगिचा कितीत गेला हे मले सौदा झाल्यावरच समजते. कानानं कमी झाली म्हनून नाही. धडधडीत ऐकू येत होतं तेव्हाबी असंच होतं.

तुही,
प्रेमिला मावशी

•

मनीषनगर, नागपूर, ११ जानेवारी

मावशे,

नमस्कार, आणि चटणी संपली. आधी हे सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं तू प्रेमानं वाचशील.

तू विचारलंस ते आमच्या शेअरबाजाराच्या क्लासमध्ये कोणी अजून विचारलंच नाही! सगळे म्हणतात, कधी घेऊ, कधी विकू. बाजारात दम कुठून आला, हे विचारणारी तू पहिली. सरांना सांगितलं तर म्हणाले, मावशींचं नाव क्लासमध्ये घालून द्या.

ऐक. भाव किती आहे, हे ती रेघ पाहतच नाही. गेल्या चौदा दिवसांत भाव चढताना किती चढला आणि उतरताना किती उतरला, एवढंच ती मोजते. सगळे चढ एका बाजूला टाक, सगळे उतार दुसऱ्या बाजूला. दोन्हींची बेरीज शंभर धरली तर त्यात चढाचा वाटा किती, तो आकडा म्हणजे ती रेघ. दोघं सारखे असले तर पन्नास. सत्तरच्या वर गेली तर समजायचं बाजार तापला, धापा टाकून राहिला. तीसच्या खाली गेली तर थकून बसला. कॉम्प्युटर याच्यात अजून थोडं बारीक गणित करतो, पण जीव एवढाच आहे.

आणि घाबरू नको. मी अजून एकही खरा सौदा केलेला नाही. सरांची अट आहे, सहा महिने नुसते कागदावर घ्यायचे आणि कागदावर विकायचे. म्हणून मी कागदावर श्रीमंत आहे आणि घरी कांदेपोहे करून राहिली.

पण तू काहून विचारून राहिली? शेअर घ्यायचा विचार आहे का? असला तर आधी मला सांगशील.

वैदेही

•

काटोल, १ फेब्रुवारी

वैदेही,

शेअर घेऊन काय करू माय, मले तं बगिचाच पुरे. पन तुह्या पत्रानं वेड लावलं. ऐक काय केलं ते.

दिवाळीच्या चौदा पनत्या काढल्या. सैपाकघरातल्या खिडकीत ओळीनं मांडल्या. एक पनती म्हनजे बाजाराचा एक दिवस. संत्र्याचा भाव टनामागं पाचशे रुपये चढला का एक तुरीचा दाना टाकायचा, पाचशे उतरला का एक उडदाचा. पंधराव्या दिवशी पह्यली पनती रिकामी करायची आन नव्या दिवसाचे दाने तिच्यात भरायचे. झाली तुही रेघ तयार, लाईटबिल नाही का काही नाही.

भाव कुठून भेटते म्हनशील, तं तुह्या मावसाजीच्या बोटायवरून. बाजारातून आले का पायरीवरूनच बोटं दाखवतात. दोन बोटं आन मंग पाच, म्हनजे पंचवीस हजार. बोट आर्धं मोडलं का पाचशे. त्यायचे बाबा दुपट्ट्याखाली अडत्याच्या बोटाले बोट लावून सौदे करत, तिथून हे आलं. माहे कान गेल्यावर घरात कामी पडलं. बोटं दाखवली का खिशातून त्या दिवशीचा एक संत्रा काढून देतात. तो मी खाते आन साल त्याच दिवशीच्या पनतीमागं वाळू घालते, दिवाळीच्या उटन्याले.

पह्यले पंधराक दिवस रेघ पन्नासाच्या खालीवर रेंगाळत होती. मंग एकदम उठली. आज सगळे दाने मोजले. तूर सोळा, उडीद सहा. शंभरात बहात्तराच्या वर गेली! मी एकटीच खिडकीत उभी राहून हासली.

आता खरं सांगते. सुरवातीले गंमत होती, आता नाही राहिली. सेठ पुन्हा येनार हाये. मावसाजी म्हनतात थांबू. ते शेजाऱ्याले म्हनाले, मले नाही, मी होटावरून समजली. वैदेही, मले यंदा एकदा तरी त्या सौद्यात बोलायचं हाये. बगिच्याले मीबी पानी देल्लं, मीबी राखन केली. पन बोलली आन चुकली, तं उरलेला जलम चहाच. म्हनून तुले इचारून राहिली. बहात्तर म्हनजे आता देऊन टाकावा ना?

मावशी

•

मनीषनगर, ५ फेब्रुवारी

मावशे, मावशे, मावशे!

पत्र वाचून मी घरभर नाचली. चौदा पणत्या! मी क्लासची फी भरली आणि तू तुरीवर काम भागवलंस.

बहात्तर म्हणजे सत्तरच्या वर. बाजार तापलेला आहे. तापलेला बाजार थंड होतो, हाच तर या रेघेचा धडा आहे. सेठ मागतो आहे तोवर देऊन टाका. थांबलात तर भाव उतरेल. बिनधास्त बोल मावसाजींशी. म्हणावं, माझी रेघ सांगते.

माझी रेघ पहिल्यांदा खऱ्या झाडांपर्यंत पोचली गं. कागदाच्या बाहेर निघाली. मला किती बरं वाटून राहिलं ते तुला कसं सांगू.

वैदेही

•

काटोल, ८ फेब्रुवारी

वैदेही,

बोलली.

मावसाजी जेवाले बसले होते. वरन वाढता वाढता म्हनलं, "सेठले बगिचा देऊन टाका. बाजार तापला हाये, आता उतरन." त्यायचा घास हातातच राहिला. म्हनले, "कोन म्हनते?" मी म्हनली, "मी म्हनते," आन हात धरून खिडकीपाशी घेऊन गेली. उष्ट्या हातानं, बरं का.

खूप वेळ वाकून पाहत होते. तूर कोनती, उडीद कोनता, इचारलं. मी सगळं सांगतलं, सत्तर, पन्नास, तीस. तुहं नाव नाही सांगतलं, माफ कर, तेवढा मोह झाला. मंग ते सरळ झाले आन मान हालवून म्हनले, "बरं. गुरुवारी सेठले इसार घेऊन बोलावतो." एकदा का इसाराचे पैसे हातात घेतले का शब्द गेला, मंग ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नाही.

वैदेही, मले त्या दिवसापासून भूक जास्त लागून राहिली. काल शेजारीन म्हनली, काय वं प्रेमिला, तोंडावर तेज आलं. म्हनलं, उटनं हाये संत्र्याचं.

मावशी

•

मनीषनगर, १२ फेब्रुवारी, सकाळी

मावशी,

हे पत्र सुशीलदादांच्या हातात मी स्वतः बसस्टँडवर जाऊन देते आहे. आज संध्याकाळी तुला मिळेल. गुरुवार उद्या आहे.

मी तुझ्या पणत्यांची गोष्ट सरांना कौतुकानं सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, सत्तरच्या वर गेली म्हणजे उतरणारच, हे कोणी सांगितलं? बाजारात खरा जोर असला तर रेघ हप्तेच्या हप्ते सत्तरच्या वर बसून राहते. आणि मग म्हणाले, त्या आधी एक बघा, मध्येच काही वेगळं तर घडलं नाही ना?

मावशी, तेव्हा मला माझीच फजिती आठवली. मागच्या महिन्यात मी पेपरातले जुने भाव उतरवून हातानं एका शेअरची रेघ काढली होती. एका दिवसात भाव निम्म्यावर आला, रेघ तीसच्या पार खाली. मी म्हटलं, थकला बिचारा, आणि कागदावर ढीगभर घेऊन टाकले. नंतर कळलं, कंपनीनं एका शेअरचे दोन केले होते. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा निम्माच असणार. बाजार पडलाच नव्हता, वस्तूच बदलली होती.

तुझ्या चौदांत एखादी पणती अशी आहे का, जी एकटीच रेघ वर ओढून राहिली? ती बाजूला काढून बाकीचे दाणे मोज.

मावसाजींना फोन लावायला हात गेला होता. नाही लावला. हे तुला त्यांच्या तोंडून कळू नये असं वाटलं. मी घाई केली गं मावशी. मला फार भीती वाटून राहिली.

वैदेही

•

काटोल, १४ फेब्रुवारी

वैदेही,

तुहं पत्र भेटलं तेव्हा दिवेलागन झाली होती. उभ्याउभ्याच वाचलं आन खिडकीपाशी गेली.

होती वं माय, होती तशी पनती. बाकीच्यायत एक दाना, दोन दाने, एखादी रिकामी. आन त्या एकीत नुस्ती तूर, अकरा दाने. मी ती रोजच मोजत होती. अकरा म्हनून मोजत होती, पन अकरा काहून हे एकदाबी मनात नाही आलं. ती बाजूले केली, तं तूर आन उडीद बरोबरीत आले. कशाचा ताप आन कशाचं काय.

मंग त्या पनतीमागची साल उचलली. तिच्या आधीची साल जाड, फुगलेली, भुसभुशीत. ही पातळ, आन तेलानं भरलेली. पुढच्या सगळ्या अशाच. तुले शहरात ठाऊक नसन. आंबिया बहाराचा माल जानेवारीत सरत येते, शेवटी शेवटी साल ढिली पडते, भाव पडते. मंग मृगाचा नवा माल उतरते, तो घट्ट, त्याले भाव वेगळा. मावसाजी रोज बाजारातल्या सगळ्यात भारी ढिगाचा भाव दाखवतात. त्या दिवशी भारी ढीग पह्यल्यांदा मृगाचा निंघाला, बस. बाजार नाही चढला, बहार बदलला. आन मी दोन बहार एका रेघेत शिवून टाकले. रोज तो संत्रा खात होती मी, वैदेही! दाने मोजायच्या नादात जिभेवरची चव नाही समजली मले. बगिचेवालीची ही गत.

खाटेवर बसली. मनात आलं, नाही सांगतलं तं? सेठ येईन, इसार देईन, कोनाले समजनार हाये? उलट मावसाजी पुढच्या सालीबी मले इचारतीन. सांगतलं तं सरलं, पुन्हा गॅसवर चहाची गंजी.

मंग उठली. मावसाजी ओट्यावर होते. म्हनलं, "माही रेघ खोटी हाये. आंबिया आन मृग म्या एकात जोडले. उद्या इसार घेऊ नका." त्यायले काही समजलं नाही म्हनून दोन साली हातावर ठेवल्या. त्यायनं दोन्ही चोळून पाहिल्या, वास घेतला. मले रडू आलं. पस्तीस वर्सानं एकदा तोंड उघडलं आन असं झालं, म्हनून.

ते काही बोलले तं मले आयकू आलं नाही. म्हनून त्यायनं माही हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं आन हळूहळू बोलले, "बोटानं मी भाव दाखवला, बहार नाही दाखवला. आन खिडकीत मीबी तं वाकून पाहिलं. बगिच्यात जलम गेला माहा, मले तरी कुठं दिसलं? आन दरसाली मी अंदाजानं देतो, किती खेपा चुकलो ते कोनी मोजलं नाही. तू एकदा चुकली तं रडून राहिली काय वं?"

काल सेठ आला. मी आत चहा टाकला. मावसाजीनं त्याले सांगतलं, "पनत्या भरायच्या हायेत, होळीच्या आधी या." सेठ माह्याकडं पाहे, मावसाजीकडं पाहे. त्याले वाटलं घरात काही पूजा हाये.

आता बाजारातून आले का मावसाजी पह्यले मूठ दाखवतात, म्हनजे मृग. मंग बोटं. पन पुढं काय करायचं ते तू सांग.

मावशी

•

मनीषनगर, १७ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून मीही रडली. मग दोन संत्रे खाल्ले, नीट, चव घेऊन.

सगळ्या पणत्या रिकाम्या कर. फक्त मृगाचा भाव घे आणि चौदाही भरल्याशिवाय काही ठरवूच नको. आणि सत्तर-तीस विसरून जा. पन्नासावर नजर ठेव. रेघ रोज पन्नासाच्या वर राहिली, मध्ये खाली वाकली तरी चाळिसाच्या खाली न जाता परत उठली, तर समज, बाजाराची चाल चढती आहे. हळू असेल, पण चढती. आणि एक गोष्ट मी तुला पहिल्याच पत्रात सांगायला हवी होती. ही रेघ मागचं सांगते. उद्याचं तिला काही माहीत नसतं.

म्हणून मावशी, शेवटी तुलाच ठरवावं लागेल. यावेळी मी "देऊन टाक" लिहिणार नाही.

वैदेही

•

काटोल, ९ मार्च

वैदेही,

लय दिवस पत्र नाही म्हनून रुसली असशील. पनत्या भरत होती.

रेघ पन्नासाच्या वरच राहिली. एकदा पंचेचाळिसावर आली तेव्हा माहा जीव वरखाली झाला, पन तीन दिवसानं पुन्हा उठली. सत्तर एकदाबी नाही दिसला. मावसाजी आता बाजारातून आले का चपला काढायच्या आधी खिडकीपाशी जातात. एकदा मी शेजारी गेली होती तं त्यायनंच दाने टाकून ठेवले. उडदाच्या जागी तूर टाकली होती, ते म्या दुरुस्त केलं.

गुरुवारी सेठ आला. चहाचं पानी ठेवाले आत गेली, तं मावसाजी मागं आले, गॅस बंद केला, आन हातानं खुनावलं, चाल. ओट्यावर तिसरी खुर्ची मांडली होती. मी पदर सावरून बसली. सेठनं आपला भाव सांगतला. मावसाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, माह्या हातावर टाकला आन त्याच्याखालून माह्या तळव्यात बोटं दाबली. दोन. मंग चार.

वैदेही, इतले वर्सं ते बोटं मी पाहत आली. बाजार झाल्यावर, भाव ठरल्यावर, सांगायसाठी दाखवलेले. आज ते इचारत होते.

खिडकीतल्या पनत्या मले ओट्यावरून दिसत नव्हत्या, पन पाहायची गरजबी नव्हती. त्यायच्या चार बोटायपाशी माहं एक बोट लावलं. त्यायनं माह्याकडं पाहिलं आन मोठ्यानं म्हनले, "पंचवीस." सेठ म्हने जास्त होते, रुपरावजी. उठला, बगिच्यात गेला, झाडं पाहिले, संत्रा फोडून खाल्ला. वापस आला आन इसार काढून मावसाजीपुढं धरला. मावसाजीनं तो माह्या हातात द्याले लावला. "लो भाभीजी," म्हने. शब्द गेला, सौदा झाला.

मंग चहा मावसाजीनं केला. साखर टाकाची भुलले. सेठनं मुकाट्यानं पेला, मीबी पेली.

आज बाजारातून आले तं पायरीवरून मूठ दाखवली, मंग दोन, मंग पाच, आन वरतून एक आर्धं मोडलेलं बोट. मी समजली. बाजार पंचवीसाच्या वर गेला. म्हनलं, "चुकली ना मी?" ते चपला काढता काढता हासले आन म्हनले, "आपन आर्धं बोट चुकलो वं."

'आपन' म्हनले, वैदेही. मी दोनदा इचारून घेतलं, का मशीननं काही भलतं आयकवलं. तिसऱ्यांदा त्यायनं कानाशी येऊन सांगतलं.

पनत्या धुवून ठेवल्या हायेत. आंबियाले पुन्हा काढीन. चटनीचा डबा सुशीलजवळ वापस पाठव, झाकनासकट.

तुही,
प्रेमिला मावशी